तारेतला जड शब्द

धुरपता गेली हे सौंदडात कळलं, तेव्हा धुरपता जिवंत होती.

पौषाचे दिवस होते. बकाराम खळ्यावर होता. धान चुरणं चालू होतं, मधल्या खुंटाभोवती बैल फिरत होते आणि तो मागून हाकत होता. तारवाला सायकल हातात धरून बांधावरून येताना दिसला, तसे पलीकडच्या खळ्यांवरचे लोक काम टाकून उभे राहिले. तार घेऊन आलेला माणूस कोणाच्या घरी चांगलं सांगून गेल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. तारवाला बकारामच्याच खळ्याशी थांबला. बकारामनं बैल उभे केले, अंगठा दिला, कागद घेतला. त्याला वाचता येत नव्हतं, आणि तार तर इंग्रजीत. तो तसाच शाळेकडे चालू लागला. शेजारचा केवळराम त्याच्या मागं निघाला, त्याच्या मागं आणखी काही जण.

गावातली प्रत्येक तार केशोराव गुरुजी वाचून द्यायचे. त्यांनी कागद उलगडला, एकदा मनात वाचला, मग डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"का लिहलं आहे जी?" बकारामनं विचारलं.

"धुरपता सिरीयस. ताबडतोब निघा. चैतराम."

केवळराम मटकन खालीच बसला. "गेली का बाप्पा," एवढंच तो म्हणाला. गुरुजी नाही म्हणाले नाहीत.

बकाराम घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. बाया आरडत होत्या. त्याची पोरगी प्रेमिला उंबऱ्यात बसून डोकं आपटत होती आणि दोघी जणी तिला धरत होत्या. बकाराम ओट्यावर बसला. कोणीतरी त्याच्या हातात पाण्याचा गडवा दिला. तो त्यानं नुसता धरून ठेवला.

बकारामची बायको धुरपता दिवाळीनंतर नागपूरला गेली होती. तिच्या पोटात गाठ होती. तिचा धाकटा भाऊ चैतराम तिथं कापडाच्या गिरणीत कामाला होता, त्यानं हट्टानं तिला नेलं आणि मोठ्या दवाखान्यात दाखवलं. बकाराम एकदा जाऊन आला होता. तेव्हा ती चैतरामच्या खोलीत खाटेवर बसून लसूण सोलत होती. म्हणाली, "माझी काळजी नका करू. धान घरात आणा, मग या. नाही तं पाऊस येईल अना सारं जाईल." पौषात कुठला पाऊस, असं तो म्हणाला, आणि ती हसली. निघताना तो म्हणाला होता, "चुरणा झाला की येतो." ते सगळ्यांनी ऐकलं होतं. चैतरामनंही.

आता या 'सिरीयस' शब्दाचं सांगितलं पाहिजे.

हा शब्द सौंदडात पहिल्यांदा आला तो केवळरामच्या बापासाठी. म्हातारा खडगपूरला थोरल्या पोराकडे गेला होता. तिकडून तार आली, फादर सिरीयस. गुरुजींनी सांगितलं, बाप फार आजारी आहे. केवळराम गाड्या बदलत, उपाशी धावत गेला, तर तिथं राखसुद्धा थंड झालेली. भाऊ म्हणाला, तार केली तेव्हाच गेले होते, पण मेला असं लिहिलं तर तू रस्त्यात काय केलं असतंस? त्यानंतर गावात ज्या ज्या तारा आल्या, त्या तशाच निघाल्या. मग गावानंही तेच केलं. पाटलाची आई गेली तेव्हा तिचा लेक रायपूरला होता. लोक गुरुजींना म्हणाले, "सिरीयस लिहा जी. पोरगं गाडीत एकटं राहील." गुरुजींनी लिहिलं. माणसाला मरणाची बातमी खिशात घालून एकट्यानं प्रवास करायला लावू नये, ती घराच्या दारात द्यावी, धरायला चार माणसं असतात तिथं द्यावी, असा त्यात विचार होता. वाईट विचार नव्हता तो.

पण तारेत एक शब्द नेहमी एकाच अर्थानं आला की तो अर्थ त्याला चिकटतो. गावात लोक सरळ म्हणू लागले, अमक्याचा बैल सिरीयस झाला. म्हणजे मेला. केवळराम स्वतः कोणाला सांगताना म्हणायचा, "आमचा बुढा सिरीयस होऊन आता लय वर्षं झाली." कोणी हसत नसे. बाजारातल्या एका परक्या व्यापाऱ्यानं एकदा केवळरामला विचारलं की मग इतकी वर्षं औषध कोणाचं चालू आहे, तेव्हा मात्र सगळे हसले होते. बकारामही हसला होता.

म्हणून त्या दिवशी कोणी दुसरा विचार केला नाही. बकारामनंही नाही. कागदावर गेली असं लिहिलं असतं तरी त्याला जेवढं कळलं असतं, तेवढंच कळलं.

ओट्यावर जुनी माणसं जमली. धुरपता सवाष्ण गेली होती. सवाष्ण गेली की नवऱ्यानं स्वतः माहेरी जाऊन सांगायचं, दुसऱ्याकरवी निरोप धाडायचा नाही. आणि ज्या घरातून तिचं लग्न लागलं, त्या घरचं लुगडं तिला शेवटी नेसवायचं. धुरपताला आईबाप नव्हते. तिला आणि चैतरामला वाढवलं ते गोरेगावच्या काका-काकूंनी. काका मागंच वारले. काकूशी चैतरामचं शेताच्या तुकड्यावरून बिनसलं होतं. तो तिकडे पाऊल टाकत नव्हता, बोलतही नव्हता.

"काकूले सांगितल्याबिगर जाशील तं जन्मभर बोल राहील," केवळराम म्हणाला. "चैतराम तं काई सांगणार नाई तिले. तुलेच जा लागते."

"मी बी येतो," प्रेमिला आतून म्हणाली.

"पोरीच्या जातीले मसणात कायले नेता?" एक म्हातारी म्हणाली. बकारामला ते पटलं. आई आजारी आहे असं त्याला वाटलं असतं, तर त्यानं पोरीला नेलंच असतं. पण ते त्याला तेव्हा वाटलं नाही.

खळं केवळरामच्या हवाली करून तो दुपारच्या छोट्या गाडीत बसला. ही गाडी सौंदडहून गोंदियाला जाते. गोंदियाला रात्री मोठ्या लाइनची गाडी मिळते, ती सकाळी नागपूरला सोडते. गोरेगावला जायचं असेल तर मध्ये हिरडामालीला उतरावं लागतं.

डब्यात समोर गोंदियाचा एक दुकानदार बसला होता. त्यानं विचारलं, "कहाँ तक, भैया?"

"हिरडामाली. मग नागपूर."

"नागपूर में कौन है?"

"घरवाली थी. मर गई."

असं तो पहिल्यांदा तोंडानं बोलला. दुकानदारानं मान हलवली, खिशातून बिडी काढून दिली आणि पेटवूनही दिली. मग दोघं बाहेर बघत बसले. शेतं कापलेली, मोकळी होती. कुठं कुठं धानाची पुंजणी उभी होती. बकारामच्या मनात एकच चाललं होतं, की आता घाई कशाची नाही. गेलेल्या माणसाकडे धावत जाऊन काय करायचं. चैतराम आहे तिथं, तो थांबेल.

हिरडामालीला तो उतरला. गाडी थोडी थांबली, मग पुढं गेली. दुकानदारानं खिडकीतून हात वर केला. बकाराम फलाटावर उभा राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत होता. का बघत होता, ते त्याला माहीत नव्हतं. पुढं ती जाणारी गाडी त्याला फार वेळा दिसली.

काकूचं नाव सुशिलाबाई. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. जावई अवेळी दारात, एकटा, हातात पिशवी. तिला सांगावं लागलं नाही. सूप तिच्या हातातून खाली ठेवलं गेलं आणि ती तिथंच भिंतीला टेकली. म्हणाली, "माझ्या आधी काऊन गेली वो माय?"

मग तिनं पेटी उघडली. वरचे कपडे बाजूला करून खालून एक हिरवं लुगडं काढलं, लाल काठाचं, घडीसुद्धा न मोडलेलं. "प्रेमिलाच्या लग्नात मायले नेसवीन म्हणून ठेवलं होतं," ती म्हणाली. "आता हेच ने बाप्पा. मी म्हातारी कुठी येऊ? लुगडं तेवढं आंगावर घाल तिच्या. हळद-कुंकू मी देतो बांधून."

दुसरी गाडी सकाळशिवाय नव्हती. बकाराम त्या घरी राहिला. काकू बोलत होती, धुरपता लहानपणी कशी होती ते. भात आवडायचा नाही, भाकर आवडायची, या धानाच्या मुलखात. बकाराम ऐकत होता. त्या वेळी नागपुरात धुरपता दवाखान्याच्या खाटेवर दाराकडे तोंड करून निजली होती.

दुसऱ्या दिवशी गोंदियाहून दुपारची गाडी धरून तो नागपूरला पोचला, तेव्हा दिवे लागायला आले होते. चैतरामच्या चाळीपुढं माणसं उभी होती, खालमानेनं. बकारामला वाटलं, कालपासून हे लोक आपल्यासाठी थांबले आहेत, फार त्रास झाला यांना. चैतरामची बायको सुमित्राबाई पदर डोळ्याला लावून पुढं आली.

"दुपारी गेल्या जी," ती म्हणाली. "सकाळी चांगल्या सुदीत होत्या. पाणी मागितलं. दार वाजलं की तुम्ही आले का म्हणून पाहत होत्या. मी म्हणलं, येऊन राहिले, गाडीत असतील."

बकाराम तिच्याकडे बघत राहिला. "कोणत्या दुपारी?"

"आजच्या जी. आत्ता दुपारी."

त्याला आधी वाटलं, हीसुद्धा आपल्याला सावरून सांगते आहे. मग चाळीच्या पडवीत त्यानं धुरपताला पाहिलं. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, चैतरामनं आणलेलं. कपाळाला ताजं कुंकू होतं. बकारामनं तिच्या पायाला हात लावला.

पिशवी त्याच्या काखेत होती. काकूचं लुगडं त्या पिशवीत होतं. आता ते बाहेर काढलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, हे कधी घेतलं? काल घेतलं म्हणावं लागलं असतं. काल ती जिवंत होती. त्यानं पिशवी काखेत आणखी दाबून धरली.

चैतराम त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे सुजले होते. सगळ्या माणसांसमोर तो म्हणाला,

"चुरणा आटोपला का, भाटोजी?"

बकारामकडे त्यावर बोलण्यासारखं होतं, पण तिथं बोलण्यासारखं नव्हतं. त्यानंतर चैतराम त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. तेरवीला सुमित्राबाई एकटी आली. गोरेगावहून निरोप आला, लुगडं नेसवलं ना? बकारामनं सांगून पाठवलं, हो.

धान घरात आलं. शिमगा गेला. बकाराम एका दुपारी शाळेत गेला आणि बाकड्यावर बसला. गुरुजी पाट्या तपासत होते.

"गुरुजी, सिरीयस म्हणजे का जी?"

गुरुजींनी पाटी खाली ठेवली. त्यांना कळलं, हा कशासाठी विचारतो आहे. ते उठले आणि कपाटातून जाड शब्दकोश काढून आणला. बोट ठेवून वाचू लागले.

"हा शब्द इंग्रजांचा स्वतःचा नाही. फार जुन्या लॅटिन भाषेतून फिरत फिरत आलेला आहे. तिथं त्याचा अर्थ वजनदार. भारी."

"भारी म्हणजे जड?"

"जड. जो माणूस उगीच हसत नाही, त्याला ते सिरीयस म्हणतात. थट्टेचं नसलेलं बोलणं, ते सिरीयस. अपघात मोठा असला तर सिरीयस. आणि आजार सिरीयस म्हणजे..." गुरुजी थांबले. "म्हणजे जिवाला धोका आहे असा. बरा होईल, न होईल, सांगता येत नाही असा."

"जिवंत माणसाचा."

"जिवंतच माणसाचा, बकाराम. मेलेला माणूस इंग्रजीत सिरीयस नसतो. त्याला ते मेला असंच म्हणतात."

"मग आपल्याकडं कसा झाला?"

"आपण त्याच्यावर मरण लादलं. एकानं दुसऱ्याला जपायला वापरला, मग साऱ्यांनी वापरला. मीच वापरला." गुरुजींनी शब्दकोश मिटला. "त्या दिवशी मला अर्थ माहीत होता. तरी मला तोच अर्थ दिसला जो तुला दिसला. टोपी काढून ठेवली मी."

"आपल्या बोलीत असतं तं," बकाराम हळू म्हणाला, "दुखणं जड आहे, असं आलं असतं. मी हिरडामालीले उतरलो नसतो."

गुरुजी पाटीवरची धूळ झटकत राहिले.

त्या पावसाळ्यात केवळरामच्या बहिणीच्या गावाहून तशीच तार आली. केवळराम ओट्यावर बसून रडायला लागला. बकारामनं त्याच्या दंडाला धरून उठवलं. "रडू नको गा. जड आहे म्हणते फक्त. जिवंत धरून चाल. कोणाले सांगायचं नाई, कुठी उतरायचं नाई." त्यानं केवळरामला भिजत स्टेशनवर नेलं, गाडीत बसवलं आणि स्वतःही बसला. सगळा रस्ता तो सांगत राहिला, ती भेटेल, तुझं नाव घेईल, तू पाणी पाज. केवळरामचा चेहरा उजळत गेला. तो बहिणीचे लहानपणीचे किस्से सांगू लागला, एकदा तर हसलासुद्धा. पोचले तेव्हा ती गेलेली होती. तार केली त्याच्या आधीच.

परत येताना सौंदड आल्यावर केवळराम म्हणाला, "तुझं चुकलं असं नाई म्हणत मी. पण मले दोनदा मारलं तू."

मग बकारामनं लोकांना तो शब्द समजावणं सोडलं.

पुढच्या माघात प्रेमिलाचं लग्न जमलं, वैशाखात मुहूर्त. वर्ष होऊन गेलं होतं, अडचण काही नव्हती. अडचण एकच होती. नवरीला मामानं हात धरून मांडवात आणावं लागतं, आणि मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या मागं मामा उभा राहावा लागतो.

"केवळराम उभा राहील मामा म्हणून," बकाराम म्हणाला.

"केवळरामकाका माझा मामा आहे का?" प्रेमिला चुलीपुढून म्हणाली. तिची भाकर तव्यावर करपत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "माय गेली. मामा तं आहे. मामा नाई आला तं मी खोलीतून निघत नाई, सांगून राहिलो तुमाले. मग बसा वरात घेऊन."

"तो माझ्याशी बोलत नाई, बाई."

"काऊन बोलत नाई ते त्याले सांगा ना! जे झालं ते सांगा. तुमाले तोंड नाई का?"

तिला सगळं माहीत होतं. पेटीतलं लुगडंही तिनं पाहिलं होतं. तिचं म्हणणं बरोबर होतं. एक गोष्ट सांगितली की चैतरामच्या मनातला राग गेला असता, आणि तो आला असता. बकारामनं काकूचं लुगडं पेटीतून काढून पिशवीत घातलं. ते दाखवून सांगायचं, असं ठरवून तो नागपूरला गेला. या वेळी हिरडामाली आलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

रविवार होता, चैतराम घरीच होता. बकारामला बघून तो उठला नाही, पण जा असंही म्हणाला नाही. सुमित्राबाईनं चहा ठेवला. ती म्हणाली, "बसा जी. प्रेमिला कशी आहे?"

"लग्न जमलं तिचं. तेच सांगाले आलो." मग तो चैतरामकडे वळला. "अना आणखी एक सांगायचं होतं. त्या तारेचं."

तार म्हटल्याबरोबर चैतराम ताठ झाला.

"तारेचं मलेच सांगतोस?" तो म्हणाला. भाटोजी गेलं होतं, तू आलं होतं. "मी का कमी केलं रे तारेत? ऐक. डॉक्टर म्हणला, घरच्या लोकाले बोलवा. मी पळत तारऑफिसात गेलो. तिथल्या बाबूले म्हणलं, साहेब, असा शब्द टाका की वाचणारा माणूस हातातला घास टाकून निघाला पाहिजे. बाबू म्हणला, ऑपरेशन लिहू? म्हणलं, नाई, त्यानं तो थांबेल, उद्या जातो म्हणेल. इल लिहू? म्हणलं, नुसतं आजारी, ते हलकं होते. मग त्यानं सिरीयस सांगितला. म्हणला, याच्यावर मरणच, दुसरा शब्द नाई. मी म्हणलं, हाच टाका." त्याचा आवाज फाटला. "मी तिले जाऊन सांगितलं बी. म्हणलं, ताई, असा शब्द धाडला आहे की भाटोजी उद्या सकाळी इथं दिसतील. ती हसली. म्हणली, मग माझे केस विंचरून दे सकाळी. सुमित्रानं विंचरले. वेणी घातली. अना तू चुरत होता धान!"

चहा उतू गेला. सुमित्राबाई चुलीकडे वळली, आणि तिथंच पाठमोरी थांबली.

बकारामचा हात पिशवीत होता. बोटांना लुगड्याचा काठ लागत होता. त्याला सांगायचं होतं, तुझी तार मिळाली त्याच घडीला मी निघालो. त्याला सांगायचं होतं, तू जो शब्द निवडून निवडून टाकला, त्याच शब्दानं मला गाडीतून खाली उतरवलं. इल असतं, ऑपरेशन असतं, तर मी सकाळी दारात असतो. हे सगळं खरं होतं, आणि सांगायला सोपं होतं. सांगितलं असतं तर बकाराम मोकळा झाला असता, आणि या माणसानं पुढं जन्मभर त्या तारऑफिसात उभं राहून तोच शब्द पुन्हा पुन्हा निवडला असता.

"बोल ना," चैतराम म्हणाला. "का सांगायचं होतं तारेचं?"

"काई नाई," बकाराम म्हणाला. "तार बरोबर होती. येळेवर आली होती."

"मग काऊन नाई आला?"

"चुरणा होता."

चैतराम त्याच्याकडे बघत राहिला. इतके दिवस तो हे म्हणत होता, पण त्याला ते कुठंतरी खोटं ठरावं असं वाटत असावं. आता ते बकारामच्या तोंडून आलं होतं. तो उठून बाहेर गेला आणि पडवीत कठड्याला धरून उभा राहिला.

सुमित्राबाईनं चहाचा कप बकारामपुढं ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "पोरीसाठी येतील ते. मी आणतो. तुम्ही जा आता."

वैशाखात चैतराम आला. लग्नाच्या दिवशी सकाळी आला, प्रेमिलाच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला हात धरून मांडवात आणलं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागं ताठ उभा राहिला. प्रेमिला रडत होती, तो तिच्या खांद्यावर हात ठेवून होता. सगळं रीतीप्रमाणं झालं. वरात निघाल्यावर बकाराम स्वतः ताट घेऊन त्याच्याकडे गेला. चैतराम म्हणाला, "भाटोजी, या घरचं पाणी मी पिणार नाई," आणि दुपारच्या छोट्या गाडीनं परत गेला. बकाराम त्याला पोचवायला स्टेशनपर्यंत मागं मागं गेला. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीपासून थोडा दूर उभा होता. चैतरामनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. बकारामचं तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात इंजिनानं शिटी दिली.

सासरी निघताना प्रेमिलानं बापाला विचारलं होतं, मामाले सांगितलं ना? तेव्हाही तो हो म्हणाला.

आता घरात तो एकटा आहे. काकूचं हिरवं लुगडं पेटीत तळाशी आहे, घडी अजून मोडलेली नाही. ते धुरपताला नेसवायचं राहिलं, आणि चैतरामला सांगायचं राहिलं आहे.